आतला पहारेकरी : मुक्तिबोध आणि आपलं लिहिणं

गजानन माधव मुक्तिबोध यांचं नाव आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत निघालं की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं अभिमानाचं : "अहो, ते आपलेच. श्योपूरला जन्मले, उज्जैनला वाढले, आपल्या होळकर कॉलेजात बी.ए. झाले." दुसरं हळहळीचं : "पण लिहिलं मात्र सगळं हिंदीत." यानंतर विषय बदलतो. त्यांनी काय लिहिलं, ते लिहिताना त्यांना कशाची भीती वाटत होती आणि त्या भीतीचं त्यांनी काय केलं, इथपर्यंत बोलणं पोचत नाही.

मला त्याच गोष्टीवर लिहायचं आहे. मोकळेपणाने लिहायचं धैर्य कुठून येतं, हा प्रश्न फक्त कवी-कादंबरीकारांचा नाही. आपल्यातले कितीतरी जण आज घराण्याचा इतिहास लिहितायत, आजोबांच्या आठवणी टाइप करून घेतायत, वाड्याची, गल्लीची, शाळेची टिपणं काढतायत. मंडळाकडे येणारं असं लिखाण मी बरीच वर्षं वाचतो आहे. माहिती भरपूर असते, घेतलेले कष्ट दिसतात. आणि तरी बहुतेक लेखांत एक जागा अशी येते की लिहिणारा तिथे थबकतो, आणि "असो" म्हणून पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. त्या "असो"च्या मागे काय असतं, हे मला मुक्तिबोध वाचताना जितकं उमगलं तितकं इतिहासलेखनावरच्या पुस्तकांतून उमगलं नाही. म्हणून हा लेख.

घर आणि भाषा

मुक्तिबोधांचं घराणं मूळचं खानदेशातलं, जळगावकडचं. तिथून ते ग्वाल्हेर संस्थानात आलं. वडील माधवराव पोलीस खात्यात. त्यांच्या बदल्या होत आणि मुलांच्या शाळा त्याप्रमाणे बदलत. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७चा, धाकट्या शरच्चंद्रांचा १९२१चा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आपल्याकडे यात नवल काही नाही; आपल्या बहुतेकांचं बालपण असंच गेलं.

आईवर मुक्तिबोधांचा एक छोटा लेख आहे. प्रेमचंदांचा भक्त मला माझ्या आईने केलं, असं ते त्यात सांगतात. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचा उल्लेखही त्याच ओघात येतो. ही बाई वागण्यात परंपरा पाळणारी, पण पुस्तकात कुणावर अन्याय होताना दिसला की आतून पेटून उठणारी. म्हणजे हातून एक होतंय आणि मन दुसरंच काही बोलतंय, ही फट मुलाने स्वयंपाकघरातच पाहिली होती. पुढे आयुष्यभर त्यांनी जे लिहिलं ते एका अर्थाने या फटीबद्दलच आहे. आपल्याला जे कळतं ते आपण बोलत का नाही? बोललो नाही तर आत काय होतं?

आता भाषेचा प्रश्न. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेला 'तार सप्तक' निघाला. हिंदी कवितेची दिशा बदलणाऱ्या या संग्रहातल्या सात कवींपैकी दोन जण ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेले, मराठी घरांतले : मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे. माचवे दोन्ही भाषांत लिहीत राहिले. मुक्तिबोधांनी हिंदी धरली ती कायमची. याला आपण "मराठी सोडली" म्हणतो. मला ते तसं वाटत नाही. घरच्या भाषेला घरचे कान असतात. ज्या भाषेत आपल्याला दटावलं गेलं, पाया पडायला शिकवलं गेलं, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" असं सांगितलं गेलं, त्या भाषेत लेखणी उचलली की खांद्यावरून कुणीतरी वाचतंय असं वाटत राहतं. बाजाराच्या आणि कॉलेजच्या भाषेत तो भास जरा कमी होतो. मुक्तिबोधांना हिंदीने हे अंतर दिलं असावं, असा माझा तर्क आहे. त्यांच्या हिंदीला मराठीचं वळण आहे हे हिंदी समीक्षकांनीही नोंदवलं आहे. तेव्हा घर त्यांनी टाकलं नाही. घराचे कान तेवढे मागे ठेवले.

पण हा तर्क फार ताणता येत नाही, कारण त्याच घरातला दुसरा मुलगा त्याला आडवा येतो. शरच्चंद्र मुक्तिबोधांनी मराठीतच लिहिलं. 'नवी मळवाट' (१९४९) आणि 'यात्रिक' (१९५७) हे कवितासंग्रह, 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) या कादंबऱ्या. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या त्यांच्या समीक्षाग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादेमीचं पारितोषिक मिळालं. तीच आई, तेच वडील, उज्जैनची तीच क्षिप्रा. एकाने भाषा बदलली, दुसऱ्याने नाही आणि दोघांनीही ठरलेली वाट सोडून लिहिलं. म्हणजे भाषा बदलली की धैर्य येतं असं नाही. ते दुसरीकडे कुठेतरी शोधलं पाहिजे.

पहारेकरी कोण?

लिहिण्याच्या भीतीबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे सरकार येतं, नाही तर समाज. मुक्तिबोधांनी या दोन्हींचा मार खाल्ला, त्याकडे मी येतोच. पण त्यांच्या समीक्षेतली सगळ्यात उपयोगी गोष्ट वेगळी आहे. लेखकाला अडवणारा पहिला अडसर त्याच्या स्वतःच्या अभिरुचीत असतो, असं ते म्हणतात. 'जडीभूत सौंदर्याभिरुची' हा त्यांचा शब्द. काय सुंदर, काय कवितेजोगं, कशाला साहित्यात जागा द्यायची, याची एक ठरीव कल्पना आपल्या मनात घट्ट बसलेली असते. अनुभव आला की ती दारात उभी राहते आणि पारखते. साच्यात बसणारा तुकडा आत घेते, बाकीचा परत पाठवते. याला त्यांनी सेन्सॉरच म्हटलं आहे. मी त्याला पहारेकरी म्हणतो.

या पहारेकऱ्याचं कौशल्य असं की तो कधीच "घाबर" म्हणत नाही. तो म्हणतो, "हे बरं दिसत नाही." "हे विषयाला सोडून होतंय." "याने लेखाचा तोल जातो." त्यामुळे लिहिणाऱ्याला आपण भ्यालो असं वाटतच नाही. आपण सुरुचीने वागलो असं वाटतं.

आपल्या भागात ही गोष्ट समजायला सोपी आहे. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले. त्यांची गाणी पुढे घराघरांत पोचली आणि अजून आहेत. तांब्यांच्या कवितेचा गोडवा अस्सल आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण त्यातून काढलेल्या नियमाची. कविता म्हटली की ती गाता आली पाहिजे, लेख म्हटला की तो प्रसन्न असला पाहिजे, आठवण म्हटली की ती हृद्य असली पाहिजे. गणेशोत्सवातल्या काव्यवाचनापासून शताब्दीच्या स्मरणिकेपर्यंत आपण हाच नियम लावतो. तांब्यांच्याच संस्थानात, ते हयात असताना एक मुलगा उज्जैनला लिहू लागला होता आणि त्याला दिसत होते ते अंधारे जिने, पडक्या विहिरी, कर्ज, अपराधी मन. यातलं काहीच त्या गोड साच्यात बसणारं नव्हतं. तो साच्याला शरण गेला असता तर आपल्याला आणखी एक बरा गीतकार मिळाला असता, एवढंच.

तीन क्षण

मग या पहारेकऱ्याला चुकवायचं कसं? 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकात मुक्तिबोधांनी लिहिण्याच्या प्रक्रियेवर केशव नावाच्या मित्राशी गप्पा मांडल्या आहेत. त्यातला 'तीसरा क्षण' हा लेख हिंदीत अजूनही शिकवला जातो. कलेचे तीन क्षण असतात असं तिथे म्हटलंय. पहिला, जीवनातला उत्कट अनुभव. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांसमोर एक कल्पनाचित्र होऊन उभा राहतो तो. याला त्यांनी 'फँटसी' म्हटलं आहे. आणि तिसरा, त्या चित्राला शब्द देण्याची सुरुवात झाल्यापासून ते पूर्ण होईपर्यंतचा. हा तिसरा क्षण सगळ्यात लांब, कारण लिहिता लिहिता ते चित्रच बदलत जातं. लिहिणाऱ्याला आधी माहीत नसलेलं काहीतरी त्यात येऊन मिळतं.

हे वाचताना माझं लक्ष दुसऱ्या क्षणावर खिळलं. अनुभव "माझा" आहे तोवर लाज, भीती, नातेवाईक सगळे त्याला चिकटलेले असतात. तो थोडा दूर उभा राहिला की त्याच्याकडे पाहता येतं. मुक्तिबोधांच्या कवितेतले भुताटकीचे जिने, बोलणारे पुतळे, तळघरं ही नुसती सजावट नाही. भीतीला तोंड देता यावं म्हणून त्यांनी तिला आकार दिला. 'ब्रह्मराक्षस' या कवितेत एका ओसाड बावडीच्या पाण्यात एका विद्वानाचं भूत बसलेलं आहे. अंगावरचा मळ काढण्यासाठी ते सतत अंग घासतंय, मंत्र पुटपुटतंय आणि मळ काही जात नाही. ज्ञान भरपूर, पण ते कुणाच्या उपयोगी पडलं नाही. एखादा कवी "मला भीती वाटते की माझी विद्वत्ता वाया जाईल" असं लिहून मोकळा झाला असता. ते आपण एकदा वाचून विसरलो असतो. बावडीतलं ते भूत मात्र विसरता येत नाही. आणि कवितेचा शेवट तर आणखी धीट आहे : कवी त्या भुताला हसत नाही, त्याचा शिष्य व्हायचं म्हणतो, त्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायचं म्हणतो.

'अँधेरे में'

या पद्धतीची परीक्षा पाहायची तर 'अँधेरे में' ही आठ खंडांची दीर्घ कविता वाचायला हवी. सोपी नाही, हे आधीच सांगतो. एका माणसाच्या दारावर रात्री थाप पडते. बाहेर जो उभा आहे तो परका नाही, त्याचंच जास्त पूर्ण, जास्त खरं रूप आहे. आणि हा माणूस दार उघडायला कचरतो. माझ्या मते सगळी कविता या न उघडलेल्या दाराची आहे.

पुढे मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक जाताना दिसते. बँड आहे, सैनिक आहेत आणि त्यांच्याबरोबर शहरातले प्रतिष्ठित लोक आहेत. पत्रकार, समीक्षक, विचारवंत, कवी, उद्योगपती. आणि त्यांच्याच रांगेत गावातला कुख्यात खुनी, डोमाजी उस्ताद. दिवसा हे सगळे वेगवेगळ्या खुर्च्यांवर असतात, रात्री एकत्र चालतात. आपण पाहिलं हे त्यांना कळतं आणि मग पळापळ सुरू होते. याच कवितेत लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे आणि त्याच्या नाकातून रक्त गळतंय. मराठी वाचकाने या जागी जरूर थांबावं. टिळकांचे पुतळे आपण खूप पाहिले, हार घातले, पुण्यतिथ्या केल्या. पण आपला पुतळा आजच्या काळाकडे पाहून रक्तबंबाळ होतो, हे लिहायला तो पुतळा लहानपणापासून आपला वाटलेला असावा लागतो. कवितेत गांधीही भेटतात आणि कवीच्या हाती एक मूल सोपवतात. वारसा म्हणजे नुसता हार घालायचा नाही, अंगाखांद्यावर वागवायचा, असा मी त्याचा अर्थ लावतो.

कवितेतल्या माणसाला पकडलं जातं, त्याच्या मेंदूची झडती घेतली जाते. सुटल्यावर तो ठरवतो की आता बोलण्याचे धोके पत्करायचे, मठ आणि गड पाडायचे. हिंदीत हा भाग घोषणेसारखा वापरला जातो, भिंतींवर लिहिला जातो. घोषणा म्हणून वाचला की तो सोपा होतो आणि म्हणून खोटाही. कारण त्या निर्धारापर्यंत येण्याआधी कवीने पानंच्या पानं स्वतःची भीती मांडली आहे. तो मिरवणुकीकडे बोट दाखवतो, पण आपण खिडकीआड उभे राहून पाहत होतो हेही लिहितो. दाराची कडी आपणच काढली नाही हेही लिहितो. दुसऱ्यावरच्या आरोपाला वजन येतं ते यामुळे. मोकळं लिहिणं आणि दुसऱ्याची लक्तरं वेशीवर टांगणं यांतला फरक इथे स्पष्ट होतो. पहिल्यात लिहिणारा स्वतः पिंजऱ्यात उभा असतो.

१९६२चं इतिहासाचं पुस्तक

मुक्तिबोध हे इतिहासाच्या पुस्तकाचेही लेखक होते, हे आपल्यासारख्या इतिहासप्रेमींना माहीत असायला हवं. १९५८पासून ते राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. राजनांदगाव तेव्हा मध्य प्रदेशात होतं, आता छत्तीसगडमध्ये आहे. 'भारत : इतिहास और संस्कृति' हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९६२ साली आलं. त्याच्याविरुद्ध मोहीम झाली आणि त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. डोक्यावर कर्ज असलेल्या मास्तरला पाठ्यपुस्तक म्हणजे काय असतं, ते सांगायला नको. पण पैशापेक्षा घाव वेगळा होता. या घटनेने ते किती हादरले होते, हे त्यांचे मित्र हरिशंकर परसाई यांनी लिहून ठेवलं आहे.

मला या प्रकरणात एक गोष्ट दिसते. ज्या वर्षांत 'अँधेरे में' घडत होती, त्याच वर्षांत ही बंदी आली. कवितेत प्रचंड अंधार, झडती, पाठलाग. आणि इकडे शाळकरी मुलांसाठी सरळ गद्यात लिहिलेला इतिहास. कविता तिखट, पुस्तक साधं. बंदी आली ती साध्या पुस्तकावर. सत्तेला आणि समाजाला कवितेपेक्षा वंशावळ, कालक्रम, कोण कुठून आला, कोण कुणाशी कसं वागला, हे जास्त बोचतं. आपल्या मंडळातलं कुणी "आम्ही काय बुवा, साधा स्थानिक इतिहास लिहितो, आम्हाला कसलं आलंय धैर्य" असं म्हणतं तेव्हा मला हे पुस्तक आठवतं. साध्या इतिहासालाच धैर्य लागतं.

एक आक्षेप

आता मुक्तिबोधांच्या विरोधात बोललं पाहिजे, नाही तर हाही एक गौरवलेखच होईल.

त्यांच्या हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. १९६४च्या सुरुवातीला पक्षाघात झाला, भोपाळला आणि नंतर दिल्लीला उपचार झाले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा संग्रह त्याच वर्षी आला, शमशेर बहादुर सिंह यांच्या प्रस्तावनेसह. कवीने तो पाहिला नाही. 'अँधेरे में' हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात त्या वर्षीच्या नोव्हेंबरात छापली गेली. तीही त्यांनी छापलेली पाहिली नाही. गरिबी, नोकऱ्यांची धरसोड, आजारपण ही कारणं खरीच आहेत. पण त्यांच्या कविता वाचताना असंही वाटतं की ते लिहिणं थांबवू शकत नव्हते. एकच प्रतिमा पुन्हा येते, एकच जिना पुन्हा चढला जातो. कविता पुरी झाली असं त्यांना कधी वाटायचं नाही.

पहारेकऱ्याला दारातून हाकलला, तर तो मागच्या दाराने आला, असं मला इथे वाटतं. पहिला म्हणायचा, "हे लिहू नकोस." दुसरा म्हणतो, "लिही, पण अजून पुरं नाही झालेलं." दुसरा जास्त धोकादायक, कारण तो प्रामाणिकपणाचा वेष घेऊन येतो. धैर्य म्हणजे लिहिणं, तसंच कुठेतरी थांबून ते लोकांच्या हाती देणं. इथे मला धाकटे शरच्चंद्र जास्त धीट वाटतात. त्यांनी तीन कादंबऱ्या आणि दोन संग्रह वाचकांपुढे ठेवले, टीका सोसली, पुढचं लिहिलं. समीक्षेत 'मानुषता' ही कसोटी मांडली आणि तिच्यावर आपलंही लेखन पारखायला दिलं. मराठी साहित्याच्या मुख्य गावांपासून दूरच्या माळव्यात वाढलेल्या मुलाचं जग 'क्षिप्रा'त आहे. ही कादंबरी आज आपल्या किती घरांत सापडेल? थोरल्याचा जयजयकार करताना धाकट्याला आपण विसरलो. आणि हा तर मराठीतच लिहीत होता, म्हणजे हळहळीचं ते दुसरं वाक्यही इथे लागू पडत नाही.

मुक्तिबोधांची 'पक्षी और दीमक' ही गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. एका पक्ष्याला वाळवी खायची चटक लागते. गाडीवाला वाळवी विकतो, मोबदल्यात एकेक पंख घेतो. पंख जात राहतात. उडता येईनासं झाल्यावर पक्षी कष्टाने वाळवी गोळा करतो आणि गाडीवाल्याला म्हणतो, ही घे, माझे पंख परत दे. गाडीवाला हसतो. पंख घेऊन वाळवी देतो, वाळवी घेऊन पंख देत नाही, असं त्याचं उत्तर. आपलं प्रत्येक "असो" हा असा एक पंख आहे. काका रागावतील म्हणून एक परिच्छेद, देणगीदारांचं घराणं आहे म्हणून एक नाव, वाड्याच्या अब्रूसाठी एक साल. लेख छान छापून येतो. दहा लेखांनंतर मात्र खरं वाक्य लिहायला बसलं की ते येत नाही.

आपल्या "असो"चं काय करायचं?

हा लेख साहित्यावरचा असला तरी मला शेवटी आपल्याच टिपणांकडे यायचं आहे.

आपल्याकडचा एक नेहमीचा कुलवृत्तांत घ्या. मूळ पुरुष शिंदे किंवा होळकर सरकारांबरोबर उत्तरेत आला, जमीन मिळाली, वाडा बांधला, चार पिढ्या नांदल्या. वंशावळीत मुलांची नावं आणि मुलींच्या जागी "दोन कन्या". लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आलेली, माजघरात पन्नास वर्षं काढलेली आत्या "मायाळू स्वभावाची" एवढ्या दोन शब्दांत संपते. विहिरीचं पाणी कुणाला मिळत होतं आणि कुणाला नाही, हे लिहिलेलं नसतं. जमीन कसणारे कोण होते, त्यांची नावं काय, ती जमीन पुढे कशी गेली, भावाभावांत दावा का झाला, या सगळ्याच्या जागी "काळाच्या ओघात" असं येतं. काळाच्या ओघात काही आपोआप होत नाही. कुणीतरी केलेलं असतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की मेलेल्यांची उणीदुणी कशाला काढायची. उत्तर अगदीच चुकीचं नाही. हयात माणसांना विनाकारण दुखवणं हे धैर्य नव्हे. पण मुक्तिबोधांनी एक वाट दाखवून ठेवली आहे आणि ती इतिहासाच्या टिपणालाही चालते. आधी "मी" कुठे उभा आहे ते लिहायचं. त्या आत्याचं नाव मला का माहीत नाही? मी कधी विचारलं का? वाड्याचं भाडं माझ्या शिक्षणाला आलं का? "आमच्या घरात असं नव्हतं" असं म्हणताना मी ते कुणाच्या तोंडून ऐकलंय, वाड्यात राहणाऱ्याच्या की वाड्याबाहेर उभ्या असणाऱ्याच्या? हे लिहिलं की पुढचं बोचरं वाक्य आपोआप न्यायाचं होतं. त्यात सूड राहत नाही, चुगलीही राहत नाही.

दुसरं, लिहिताना "असो" आलं की तिथेच थांबावं आणि तो शब्द खोडून पुढचं एक वाक्य लिहून पाहावं. एकच. ते छापायला द्यायचं की नाही हे नंतर ठरवता येतं. पण ते कागदावर आलंच नाही तर ठरवायला काही उरत नाही. तिसऱ्या क्षणाबद्दल मुक्तिबोध जे म्हणतात ते मी इथे खरं होताना पाहिलं आहे. माणसं लिहिता लिहिता सत्याला येऊन भिडतात. सुरुवातीला "मायाळू आत्या" लिहिणारी एक बाई चौथ्या मसुद्यात तिचं नाव, तिच्या खोलीचं दार आणि तिच्या पुस्तकांची पेटी लिहून गेली. तो लेख आपल्या संग्रहातल्या उत्तम लेखांपैकी आहे, आणि त्यात कुणाची बदनामी झालेली नाही.

तिसरं, कुठेतरी थांबावं. सगळी कागदपत्रं मिळाल्यावर, सगळ्या तारखा जुळल्यावर, निवृत्तीनंतर, मुलीच्या लग्नानंतर लिहू, असं म्हणणारी किती माणसं आपण गमावली ते मोजायला बसलो तर वाईट वाटेल. त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. मुक्तिबोधांच्या वह्या तरी मित्रांनी जपल्या, आणि १९८० साली नेमिचंद्र जैन यांनी सहा खंडांत रचनावली काढली. आपल्याला असे मित्र मिळतीलच असं नाही. तेव्हा आपला मसुदा आपणच वेळेवर दुसऱ्याच्या हातात दिलेला बरा, अपुरा असला तरी.

मुक्तिबोध आपले की हिंदीचे, हा वाद मग मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ते आपले असतील तर त्यांच्या जन्मगावाच्या फलकाने होणार नाहीत. आपल्या घराण्याच्या पुढच्या टिपणात त्या आत्याचं नाव आलं, विहिरीचं पाणी आलं आणि लिहिणारा स्वतः त्यात कुठेतरी उभा दिसला, तर मी म्हणेन की हो, ते आपल्या गावचे होते.